पंखा लागला का?

प्रिय भोवऱ्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकशील, म्हणून आधीच सांगते, सगळे जिवंत आहोत. फोन हाताशी असताना आईला पत्र लिहायची अवदसा का आठवली, असंही मनात येईल. तर फोनवर मी बोलायला लागले की बाबा समोर असतात आणि तू 'ठीक आहे, बघू' म्हणून ठेवून देतोस. पत्रही अर्ध्यात ठेवून देता येतं म्हणा, पण ते मला दिसत नाही एवढंच. दुकानात आज कुणी नाही. ब्लाउजचं कापड बाजूला सारून कापायच्या टेबलावरच लिहायला बसले आहे, तेव्हा कागदाला खडू लागला असेल तर झटकून घे.

तुझ्या त्या चार चाकांच्या शर्यतीच्या बाइकबद्दल थोडं तुला फोनवरून माहीत आहे, पण सगळं माहीत नाही. तू इथून जाताना म्हणाला होतास, ती भंगारात द्या, मला परत दिसायला नको. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. शर्यतीत ज्या गाडीखाली पोराचा पाय गेला ती गाडी रोज कपडे वाळत घालताना बघायची, हे कुणाला झेपेल? भंगारवाल्याला मीच बोलावलं. तो शेडमध्ये गेला, गाडीभोवती फिरला आणि हे ट्रॅक्टरचं पिल्लू कुठून आणलंत म्हणून विचारायला लागला. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी त्याला एक गंजलेलं शिलाई मशीन दिलं, वर चहा पाजला आणि वाटेला लावलं. मला म्हणाले, थांबलेलं मशीन बिघडतं, चालतं बिघडत नाही. जन्मभर दुसऱ्यांची शिलाई मशीनं दुरुस्त केली, त्यातून त्यांना एवढीच काय ती अक्कल आली, असं मी म्हटलं. तेव्हापासून ते दर आठवड्याला गाडी सुरू करायचे, थोडा वेळ फिरवल्यासारखी जागच्या जागी चालू ठेवायचे आणि परत चादर घालायचे. शेजारची कुत्री भुंकून भुंकून दमायची.

मग ती वाजायला लागली. उजव्या अंगाने खडखड, खडखड, रिकाम्या डब्यात सुटी बटणं हलवावीत तशी. बाबांचं तंत्र तुला माहीत आहे, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. शिलाई मशीनच्या पोटातला आवाज त्यांना असा बरोबर सापडतो. पण तुझ्या गाडीपुढे त्यांची मात्रा चालेना. जिथे टेकवावं तिथून आवाज. शेवटी त्यांनी सगळीकडे तेल सोडलं, कारण त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला तेल हेच औषध. गाडी खडखडतच राहिली आणि शेडची जमीन मात्र अशी झाली की मी दोनदा पडता पडता वाचले.

त्या रविवारी तुझा फोन आला. जेवलास का, जेवलो. काम कसं आहे, ठीक आहे. घरी कधी येतोस, बघू. एवढ्यावर आटपलंच होतं. बाबांना दुसरं काही सुचेना म्हणून ते बोलून गेले की तुझी गाडी खडखडते. मला वाटलं, झालं, आता हा फोन आपटणार आणि पुढचे दोन रविवार करणार नाही. आणि तू विचारलंस, थंड असताना वाजते की तापल्यावर? भोवऱ्या, अपघातानंतर तू आम्हाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मग तू विचारत गेलास आणि बाबा शेडमध्ये धावत गेले, फोन इंजिनाजवळ धरला, मी लाकडाच्या तुकड्याने तू सांगशील तिथे दाबत गेले. सायलेन्सरवरच्या पत्र्याचा बोल्ट पडला होता, बस, एवढंच. पत्रा दाबला की आवाज बंद, सोडला की सुरू. तू म्हणालास, बाबा, पत्रा आहे तो, इंजिन ठणठणीत आहे. त्या 'ठणठणीत' शब्दावर तुझे बाबा आठवडाभर जगले. शिलाई मशीन घेऊन येणाऱ्या बायकांनाही ठणठणीत, ठणठणीत करून सोडलं.

पण पुढच्या रविवारी सांगायला काय होतं? बोल्ट लावला, आवाज गेला. छान, म्हणालास. मग जेवलास का, जेवलो, ठीक आहे, बघू. तेव्हा मला कळलं नाही, पण बाबांच्या डोक्यात ते तिथेच बसलं असणार.

त्यानंतर काही दिवस नशिबाने गाडीच बिघडत राहिली. आधी चेनचा फटफट आवाज. चेन ज्या प्लास्टिकच्या पट्टीवरून सरकते ती झिजली होती, तू अगदी बोट ठेवल्यासारखं सांगितलंस. मग ती तापायला लागली. लाल दिवा लागायचा आणि बाबा कावरेबावरे व्हायचे, कारण शिलाई मशीन कधी तापून उकळत नाही. तू म्हणालास, पुढची रेडिएटरची जाळी बघा, चिखल असेल. होता. नुसता नाही, दगडासारखा वाळलेला, पार आतपर्यंत. पाण्याचा जोर लावू नका, पाती वाकतील, मागून पुढे हळूच धुवा, असं तू बजावलंस. बाबा पाणी सोडत होते आणि मी दाभणाने एकेक वाकडं पातं सरळ करत होते. तो चिखल त्या दिवसाचा होता, भोवऱ्या. त्या शर्यतीनंतर गाडी कुणी धुतलीच नव्हती. सुपात ढीगभर माती निघाली आणि ती घेऊन मी अंगणात उभी राहिले, कुठे टाकू तेच कळेना. कचऱ्यात टाकवेना, कुंडीत घालवेना. शेवटी भिंतीपलीकडे टाकली आणि आत येऊन हात धुतले, परत धुतले. तुला त्या दिवशी फोनवर फक्त एवढंच सांगितलं की जाळी साफ झाली.

तरी ती तापतच होती. तू म्हणालास, नळ्यांत हवा अडकली असेल. इंजिन पूर्ण थंड असू दे, पुढची चाकं विटांवर चढवा, रेडिएटरचं झाकण उघडा, त्यातलं ते हिरवं पाणी ओतत राहा आणि नळ्या हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. बाबांना काही जमेना. मी म्हटलं, सरका, ढेकर काढायची आहे ना, ती मला येते, तुमच्या चिरंजीवांची दोन वर्षं काढली आहे. तू फोनवर हसलास. आणि खरंच बुडबुडे आले. तू परत परत सांगितलंस, तापलेली असताना झाकणाला हात लावायचा नाही, काही झालं तरी नाही. बाबा म्हणाले, मी काय कुक्कुलं बाळ आहे? त्यांचं हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

त्याच सुमारास तू एकदा मला सहज सांगितलंस की तुझा नवा पाय वाजतो. जिन्यात टक्, टक्, ऑफिसातल्या लोकांना आवाजावरूनच कळतं कोण येतंय ते. पाय बसवणाऱ्याला दाखवलास तर तो म्हणाला, सगळं बरोबर आहे, वाजू दे. तू हसण्यावारी नेलंस, मीही नेलं. फोन स्पीकरवर होता. बाबा उठले, बाहेर दुकानात गेले आणि आदल्या दिवशीच तेल घातलेल्या मशीनला परत तेल घालत बसले. हॉस्पिटलपासून आजपर्यंत तुझ्या पायाचा 'प' त्यांनी उच्चारलेला नाही. माझ्यापाशीसुद्धा नाही. मी विषय काढला की अळीमिळी गुपचिळी. एकदा मी चिडून म्हटलं, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, काय त्या गाडीशी झोंबत बसता? ते उठून शेडमध्ये गेले. परत मी तसं बोलले नाही.

मग गाडी बरी झाली आणि तू पुन्हा मुका झालास. बरेच रविवार तसेच गेले. बाबा फोनवर काहीतरी उकरून काढायचे, आज सुरू व्हायला जरा वेळ लागला, आज धूर थोडा जास्त वाटला. तू म्हणायचास, होतं तसं, ठीक आहे. आणि एका रविवारी बाबांनी सांगितलं की गाडी तापली तरी रेडिएटरमागचा पंखा लागत नाही.

मग काय विचारतोस. फ्यूज बघा. बघितला. पंखा थेट बॅटरीला जोडून बघा. जोडला, फिरतो. मग वायर बघा. पुढच्या रविवारी म्हणे पंखा आपोआप लागला. त्याच्या पुढच्या रविवारी परत बंद. तू चक्रावलास. कधी लागतो, कधी नाही, असा कसा बिघाड, म्हणून तू मधल्या वारीही फोन करायला लागलास. कुणाला तरी विचारून आलास, चित्र काढून पाठवलंस. मला तर वाटलं देवच पावला. पण एका रविवारी दुपारी मी बाबांना जेवायला बोलवायला शेडकडे गेले. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत बाबा गाडीपुढे गुडघ्यावर बसले होते आणि पंख्याच्या वायरीचा पांढरा जोड हळूच सोडवत होते. सोडवला, फडक्याने पुसला आणि गरम नळीला लागू नये म्हणून दोऱ्याने बाजूला बांधून ठेवला. टीप घालावी तसं, निगुतीने. मग घड्याळ बघितलं. तुझ्या फोनची वेळ व्हायची होती अजून.

मी पावलं न वाजवता परत आले. आधी मला हसू आलं, पदर तोंडात कोंबून हसले. मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. काय करणार होते मी? सांगू तुला, तर तू पुन्हा मुका होणार. बोलू त्यांना, तर त्यांच्याकडे तुझ्याशी बोलायला काय उरणार? आपलेच दात, आपलेच ओठ. जेवायला वाढलं आणि गप्प बसले.

आता त्या रविवारचं सांगते, ज्या दिवशी फोन मध्येच तुटला आणि बाबांनी त्याच संध्याकाळी तुला सांगितलं की रेंज गेली होती. रेंज गेली नव्हती. तू म्हणाला होतास, गाडी चालू ठेवा, तापू द्या, पंखा लागतो का ते मला इथून ऐकू दे. थांबता थांबता तू बोलायला लागलास. तुझ्या पहिल्या शर्यतीचं, तू उलट्या दिशेने निघाला होतास आणि झेंडेवाला तुझ्यामागे पळत होता ते. तू हसत होतास, बाबा हसत होते. मी दारात परात घेऊन उभी. मध्येच तू विचारायचास, पंखा लागला का, आणि बाबा म्हणायचे, अजून नाही, एवढी तापली नाही अजून. लाल दिवा लागलेला मला दारातून दिसला. त्यांनाही दिसला. त्यांनी त्याच्यावर अंगठा ठेवला, भोवऱ्या. एका हातात स्पीकर लावलेला फोन, दुसऱ्या हाताचा अंगठा दिव्यावर, आणि तू सांगत होतास तुमच्या त्या जाड्या मित्राची गाडी चिखलात कशी रुतली ते. इंजिन बंद केलं असतं तर तू म्हणाला असतास, चला, पुढच्या रविवारी बघू. त्यांना ते नको होतं. मी हात केला, बंद करा म्हणून. त्यांनी मान हलवली, थांब म्हणून. ओरडायला मी तोंड उघडलं होतं, पण तू इतका हसत होतास की मलाही ओरडवलं नाही. मग आतून घरघर झाली, फस्सकन वाफ आली आणि गाडी आपली आपण बंद पडली. बाबांनी फोन ठेवला आणि, सांगायलाही नको वाटतं, फडकं घेऊन सरळ झाकण उघडायला गेले. उजवा तळवा आणि मनगट, दोन्ही भाजलं. डॉक्टरांना त्यांनी इस्त्रीने भाजलं म्हणून सांगितलं.

गॅरेजवाला येऊन बघून गेला. इंजिनात पाणी शिरून तेल दुधाळ झालं आहे, सायलेन्सरमधून पांढरा धूर. हेडचं गॅस्केट गेलं, हेडही वाकलं असेल, खोलल्याशिवाय सांगता येत नाही, आणि असली गाडी मी खोलत नाही, म्हणाला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे. गाडीवर चादर घातली. त्यानंतर तू दोनदा विचारलंस, बाबा कुठे आहेत, आणि मी दोन्ही वेळा सांगितलं, बाहेर गेलेत. ते माझ्यासमोर स्टुलावर बसले होते. फोन पुढे केला तर हातानेच नको म्हणाले. पोराची एकच गोष्ट माझ्याकडे ठेवायला होती, ती मी जाळली, एवढं एकदाच बोलले. दुकानात परवा एक बाई टाका सुटतो म्हणून मशीन घेऊन आली. एरवी नुसती सुई बघून सांगितलं असतं. म्हणाले, ठेवून जा, बघू. आता माझ्या घरात ठीक आहे आणि बघू म्हणणारे दोघं झालात, एक तिकडे आणि एक इकडे. मी मध्ये आहे आणि मी हात टेकले आहेत. मला कापड बेतता येतं, गाडीची ढेकर काढता येते, पण हे मला येत नाही.

इतका वेळ ताकाला जाऊन भांडं लपवत बसले होते, आता मागते. गाडीसाठी ये असं म्हणत नाही, ती गेली तर गेली. त्यांनी काय केलं ते तुला कळलं आहे असं त्यांना दाखवूही नकोस, तेवढी त्यांची लाज राख. फक्त या रविवारी फोन केलास की त्यांना पायाचं सांग. चढताना वाजतो की उतरताना, सकाळी की दिवसभर चालून झाल्यावर, टाचेपाशी की घोट्यात, जसं तू त्यांना गाडीचं विचारत होतास तसं सगळं. जिन्यात जा आणि फोन पायाजवळ धरून चार पायऱ्या चढ. कुणी बघितलं तर बघू दे. तो बरोबर आहे, बसवणाऱ्याने तसं सांगितलं आहे, हे मला ठाऊक आहे. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नसेल, आणि असलं तरी ते तुझ्या बाबांच्या हातचं नाही. कदाचित ते उठून दुकानात जातील, मागच्यासारखे, तेल घालायला, आणि मग पुढे काय करायचं ते मला खरंच माहीत नाही. पण कुठलाही आवाज नीट ऐकल्याशिवाय त्यांना सोडवत नाही, एवढ्यावर मी हे पत्र लिहिलं आहे. ते बसले, तर तू मध्ये थांबू नकोस, चालत राहा. त्यांचा उजवा हात अजून बांधलेला आहे, फोन मी धरीन.

रविवारी फोन धरून उभी असलेली,
तुझीच
आई